कुलपाचा शब्द

प्रिय हरिओम,

प्रिय लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. ह्या घडीला तू मला काडीचा प्रिय न्हाईस. परदेशातून पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले, आजीला एक फोन न्हाई. वर तुझ्या बहिणीसंगं, पुनमसंगं निरोप धाडलास, की आजीला म्हणावं मी तिला माफ केलं. कुणी मागितली होती रे तुझी माफी? फोनवर झाडलं असतं तुला, पण फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आन् उरलेलं आपणच बोलतोस. शिवाय तुझी माय कान लावून असती. म्हणून पुनमच्या वहीतलं पान फाडून चार दिवसांपासून हे लिहून राहिले. अक्षर वाकडं हाय. एकदा कळलं न्हाई तर दुसऱ्यांदा वाच.

जायच्या आधी किती शहाणपण सांगितलंस. तूरडाळीच्या यंत्राचे तुझे नकाशे, चार वर्षांची मेहनत. ते संगणकात घालून संगं नेले तर वाटेत कुणीबी चोरंल, म्हणून कंधारलाच, आपल्या माजघरात तू बसवलेल्या दुसऱ्या संगणकात, त्या डब्यात ठेवायचे. हॉटेलातलं फुकटचं इंटरनेट म्हणजे भर बाजारातला रस्ता, त्यावरून उघडे नकाशे नेले तर दहाजण बघतील. म्हणून तिथून आपल्या माजघरापर्यंत तू आपलं एक भुयार खणणार, किल्ल्यातल्यासारखं, आत कोण चाललंय ते कुणाला दिसत न्हाई. आन् डब्याला वेगळं कुलूप. लाइट जाऊन डबा बंद पडला, की परत आल्यावर घरातल्या माणसानं समोर बसून शब्द घालायचा. तोवर भुयारातून आलेल्या मालकालाबी डबा दार उघडत न्हाई. तुला वाटलं म्हातारीच्या डोक्यावरून गेलं. मी दुसरीतून घरी बसलेली बाई, पण कडी-कोयंडा मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो. घर मीच राखलंय.

मग शब्द कोणता ठेवायचा, ते ठरवायला तुम्ही बापलेक बसलात. दयानंद म्हणला, आई सगळं विसरंल पण नवऱ्याचं नाव न्हाई विसरणार. हसलात सगळे. तू लगेच आजोबाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं डब्यात घातलंस, बटणांवर मराठी अक्षरं चिकटवलीस आन् मला शाबासकी दिल्यावानी पाठ थोपटलीस. मी चुलीपुढं भाकरी थापून राहिले होते. मला कुणी इचारलं न्हाई. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, ती चूक माझी. एवढीच माझी.

त्या दिवशी दुपारी दीडला लाइट गेली, दोनला आली. डब्याचा दिवा तांबडाच. घरात मी एकटी. तुझी माय माहूरला दर्शनाला गेलेली, बाप लातूरच्या मोंढ्यात माल विकायला, फोन बंद. तुझा फोन आला, की आज्जी, यंत्र घेणारा साहेब समोर बसलाय, त्याला नकाशे दाखवायचेत, वीस मिनिटं हायत, तेवढं नाव घाल. आधी लाडानं. मग म्हणलास, तोंडानं घ्यायचं न्हाई गं, नुसती बटणं दाबायचीत, बटण दाबल्यानं पाप लागत न्हाई. मी म्हणलं शब्द बदल. तू म्हणलास आत गेल्याबिगर बदलता येत न्हाई. मी बटणाला हात लावला न्हाई. मग तू वरडलास. अडाणी म्हातारी म्हणलास, आन् फोन आपटलास. मी त्या तांबड्या दिव्यापुढं हात मांडीत घेऊन बसून राहिले. तू फोन केलास म्हणून पुनम लातूरचा क्लास बुडवून, अहमदपूरला गाडी बदलून, दिवे लागायच्या वक्ताला आली आन् एका मिनटात डबा उघडला. तोवर तुझा साहेब उठून गेला होता.

अडाणी म्हणलास त्याचा राग न्हाई मला. ते मी लई ऐकलंय. राग त्याच्यानंतरचा हाय. तुझ्या बापानं गल्लीभर सांगितलं, की माझ्या आईनं नातवाचं नुकसान होऊ दिलं पण नवऱ्याचं नाव म्हणून घेतलं न्हाई, आजकाल अशी बाई ऱ्हायली कुठं! परवा गल्लीतली भामाबाई सुनेला घेऊन आली, दोघी माझ्या पाया पडून गेल्या. सुनेला म्हणती, बघ, ह्याला म्हणतात संस्कार. मला त्या दोघींच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं. आन् तूबी तेच धरून बसलास. संस्कारापुढं इलाज न्हाई म्हणे, म्हणून माफ केलं म्हणे. मी चुकले म्हणून शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं. पतिव्रता म्हणून माफ करू नकोस. मला ते सोसत न्हाई.

ऐक आता. लग्न होऊन दहाएक वर्षं झाली होती. शेजारी रईसा राहायची, शिंप्याची बायको. तिला मराठी-उर्दू दोन्ही लिहिता यायचं. दुपारी तिच्या दारात बसून तिनं मला सुटलेली अक्षरं पुन्हा शिकवली, कापडावर खुणा करायच्या खडूनं. एक दिवस तो खडू मी घरी आणला आन् आपल्या थोरल्या दारावर माझं नाव लिहिलं. चार अक्षरं. मागं सरून बघत हुभी होते, तेवढ्यात तुझा आजोबा मळ्यातून आला. वाचलं. वरडला न्हाई. शांतपणानं म्हणला, दारावर मालकाचं नाव असतंय. आन् माझा उजवा हात धरून चौकटीत ठेवला, आन् दार लावलं. दोन बोटं कधी सरळ झाली न्हाईत. तू लहानपणी इचारायचास तेव्हा मी जात्यात सापडली म्हणून सांगायची. दयानंद तेव्हा सात वर्षांचा होता, तांब्याभर पाणी घेऊन तोच धावत आला होता. तो विसरला. त्याला विसरणं परवडतं.

त्याचं नाव मी घेत न्हाई ते मान म्हणून न्हाई. त्या दिवसापासून माझ्या तोंडात त्याला जागा न्हाई, एवढंच. तो गेला तेव्हाबी मी नाव घेऊन रडले न्हाई, आन् बायांनी त्या नाव न घेण्याचीबी तारीफच केली. आन् तू मला त्याच बोटांनी, एकेक अक्षर हुडकून, त्याचं नाव लिहायला सांगत होतास. तुला ठाऊक नव्हतं, खरं हाय. पण इचारायचं तरी.

तुझं नुकसान झालं ते मला कळतं. चार वर्षांची मेहनत एका दुपारी गेली. त्याचं मला वाईट वाटतं, हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार न्हाई. दुसरा साहेब हुडक. नकाशे डब्यात सुखरूप हायत.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. येत्या रविवारी कंधारला ये आन् तो शब्द काढ. डबा माझ्या घरात, लाइट गेली की त्याच्यापुढं बसायचं मी, मग शब्दबी माझाच. तो मी घालीन, माझ्या हातानं, किती का वेळ लागंना. तोवर तू भिंतीकडं तोंड करून हुभा ऱ्हा. तुला सांगणार न्हाई, तुझ्या बापाला तर मुळीच न्हाई. पुन्हा परदेशी गेलास आन् डबा अडला, तर मला फोन कर आन् नीट इचार. मी उघडून देईन.

तुझीच आजी,
धोंडाबाई