वर्षभर हजर, परीक्षेत नापास

सर, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या दहाव्याला मी आले नव्हते, आणि आजही तुमच्याविषयी चांगलं काही सुचत नाही. पुण्यात बसून मी स्पॅनिश गुणपत्रकांचं इंग्रजी करते, खाली सही आणि शिक्का. आज एका मुलीच्या गुणपत्रकात एका विषयापुढे ‘नो प्रेसेंतादो’ होतं, म्हणजे परीक्षेला बसलीच नाही. पासही नाही, नापासही नाही. आपल्याकडेही ‘गैरहजर’ असा साधा शब्द होता, पण तो लिहायला लागणारी हिंमत तुमच्यात कधीच नव्हती.

त्या दुष्काळात आपल्याकडचा कारखाना उसाअभावी बंद होता, पण त्याच्या चेअरमनची शाळा मात्र चालू होती. दिवाळीनंतर अर्धी शाळा ऊसतोडीला गेली. मी नववी सोडून कोल्हापूरकडे आईच्या मागं मोळ्या बांधतेय, बोटं पाचटानं चिरलीत, आणि इकडे तुम्ही रोज माझी हजेरी मांडताय. रिकामे बाक दिसले असते तर तुकडी तुटली असती आणि चेअरमन रागावले असते. त्यांच्यापुढे तुमची मान कशी लवायची, ते मी झेंडावंदनाला पाहिलं होतं. वर्षभर हजर दाखवलेल्या मुलांचा निकालही दाखवावा लागतो. तुम्ही आम्हाला सरसकट नापास केलंत.

आम्ही परतलो तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. माझे वडील, अण्णा, मला घेऊन तुमच्या खोलीत आले. तुम्ही बशीतून चहा पीत होतात, त्यांना बसा म्हणाला नाहीत.

“पोरगी हितं नव्हतीच, सर. मग नापास कशी झाली?”

“कागदावर हाय ना ती,” तुम्ही म्हणालात. “वर्षभर हजर हाय. डोकंच न्हाई तिला, त्याला मी काय करू?”

चोर तो चोर, वर शिरजोर. पण अण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कागदावर त्यांचा फार विश्वास. माझी शाळा तिथंच सुटायची होती. मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा कुठे त्यांनी एक वर्ष दिलं. पुढे मी शिकले, तरी मरेपर्यंत ते लोकांना सांगायचे, पोरगी लई हुशार, नववीत तेवढी नापास झाली. मी कितीदा समजावलं. ते हसायचे. तुमचा सगळ्यात जास्त तिरस्कार मी त्यासाठी करते.

हे पत्र पाठवायचं कुठे? माझ्या त्या जुन्या निकालाच्याच फायलीत लावून ठेवते. आणि एक सांगते, जे कुणाला सांगितलेलं नाही. कागदावर आहे तेच लिहायचं, हा माझ्या कामाचा नियम. तो मी एकदाच मोडला. मी प्रवेशासाठी अर्ज केला आणि स्पेनच्या विद्यापीठानं शाळेपासूनचे निकाल मागितले, तेव्हा माझ्या नववीच्या निकालाचं भाषांतर मीच केलं. ‘नापास’च्या जागी ‘परीक्षेला बसली नाही’ असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. लिहिलं ते खरंच होतं. तरी मारण्याआधी तो शिक्का मी तीनदा खाली ठेवला, सर. माझी हजेरी मांडताना तुम्ही एकदा तरी पेन खाली ठेवलं असेल, असं मला वाटत नाही.