हलू नका हो!

९ जून

कॅमेरा आला! लेकीने पाठवला. "आई, आता तरी स्वतःसाठी काही शीक." खोका उघडला, बटणं पाहिली आणि परत बंद केला. एवढी विमानात तरी असतात का!

संध्याकाळी धीर करून पहिला फोटो काढला. आमच्या कुत्र्याचा — ढब्बूचा. आलं त्याचं ढुंगण. दुसऱ्या फोटोतही तेच, जरा लांबून.

११ जून

ढब्बू काळा, सोफा तपकिरी. फोटोत कोळशाच्या पोत्याला जीभ फुटल्यासारखं दिसतं.

१४ जून

फोटोग्राफीच्या क्लासचा पहिला दिवस. मास्तर वयाने लेकीएवढा, तोरा मात्र मुख्याध्यापकाचा. "प्राण्याच्या उंचीवर जा. डोळ्यावर फोकस करा."

घरी येऊन गेले उंचीवर. म्हणजे जमिनीवर पालथी पडले. डोळा सापडेपर्यंत ढब्बूने माझं नाक, चष्मा आणि शेवटी लेन्स चाटून घेतली. उठायला ह्यांना हाक मारावी लागली.

बरं, हे घरीच असतात हल्ली. घड्याळदुरुस्तीचं दुकान दुपारीच बंद करून येतात. "गिऱ्हाईकच नाही," म्हणतात. मला काय, फुकटचा मदतनीस!

१९ जून

ह्यांनी लेन्सच्या वर बिस्कीट धरायचं, ढब्बूने तिकडे बघायचं, मी बटण दाबायचं. एवढं साधं काम. पण बिस्कीट हलतं, म्हणून ढब्बूची मान हलते, म्हणून माझा फोटो बिघडतो.

"हलू नका हो!"

"नाही हलत."

"मग बिस्कीट काय आपणहून नाचतंय?"

"त्यालाच विचार," म्हणाले आणि बिस्कीट स्वतःच खाऊन टाकलं! ढब्बूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तोही फोटो हुकला.

२२ जून

मास्तर म्हणाला, शटरचा वेग वाढवा, म्हणजे हलणारंही स्पष्ट येतं. वाढवला — आणि जमलं! ढब्बू हवेत, चारही पाय अधांतरी, लाळेचा थेंबसुद्धा स्पष्ट. मी कलावंत आहे.

शेजारणीला दाखवला. "छान आहे हो. पण आमच्या महाराणीचा काढून दाखवा, मग मानीन." महाराणी म्हणजे तिची पांढरी मांजर. म्हटलं, बघतेच.

२३ जून

महाराणीपुढे लोटांगणं घातली. ढुंकून बघेल तर शपथ.

२६ जून

आज महाराणी आपल्या पायांनी आमच्याकडे आली आणि थेट ह्यांच्या मांडीवर झोपली. खोलीत उजेड कमी होता. पण झोपलेल्या मांजरीला कसली घाई? ट्रायपॉड लावला, शटर सावकाश ठेवलं, फोटो काढले.

कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. मिशीचा केस न् केस दिसतोय. ह्यांच्या शर्टाचं बटण, बटणातला दोरासुद्धा. सगळं कसं कोरल्यासारखं. फक्त मांजरीच्या पाठीवर ठेवलेला हात — नुसता धूर.

पुढचा फोटो. धूर. त्याच्या पुढचा. तेच.

पुसून टाकावेत म्हटलं. नाही पुसले.

२७ जून

ह्यांच्या दुकानापर्यंत जाऊन आले. किती दिवसांनी गेले असेन! दार बंद. शेजारचा शिंपी काम थांबवून बाहेर आला. "काका हल्ली पट्टे तेवढे बदलतात. घड्याळ उघडायचं काम घेतच नाहीत. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतात. वय झालं की चालायचंच, काकू."

"हो ना," म्हणाले. जसं काही मला सगळं ठाऊकच होतं!

घरी आले तर हे ढब्बूचे केस विंचरत बसलेले. डाव्या हाताने. विचारायचं होतं. विचारलं काय — चहा टाकू का?

२८ जून

आज विचारलं.

"हिवाळ्यापासून," म्हणाले. "डॉक्टरांना दाखवलंय. गोळ्या चालू आहेत."

"मला सांगितलं का नाही?"

"रोज तर माझ्या हाताकडे रोखून बघायचीस. वाटायचं, आज विचारशील."