ओठाचा डावा कोपरा

दि. ३ फेब्रुवारी

चि. ढब्ब्यास,
अ. उ. आ.

मागितलेली रंगांची पेटी पोचली. शिवणकामाचं दुकान बंद केलं की वर येऊन आरशासमोर बसते. साठीत स्वतःचंच तोंड रंगवायचं म्हणजे कमालच! हसू नकोस, पण मी आधी टेपने चेहरा मापला. कोट कधी अंदाजाने कापत नाही, मग नाक का अंदाजाने काढू? मापं चित्राच्या पाठीवर लिहिली आहेत. रंग लालभडक झालाय, ते मलाही दिसतंय. चुका सांग, पण जरा सांभाळून.

माया आहेच, पत्रं तेवढी लांब लिही.
ताई

दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पन्नाशीच्या ड्रॉइंग मास्तरला ढब्ब्या म्हणतेस, आणि तेही पाकिटावर! पोस्टमन दात काढतो. चित्र मात्र छान आहे, खरंच. पाणी जास्त घे, पहिला हात अगदी फिका दे आणि वाळेपर्यंत थांब. घाई ही तुझी जन्माची खोड! डोळ्यातली चमक म्हणजे कोरा कागद, तिथे रंग लावूच नकोस. कानाखाली सावली जास्त झाली आहे. आणि ओठाचा डावा कोपरा खाली घसरलाय. सोबतच्या ट्रेसिंग पेपरवर सरळ करून दिलाय, त्यावरून उचलून घे. टेप दुकानातच ठेव बाई.

रागावलीस तरी चालेल, लिहायची मात्र थांबू नकोस.
तुझा ढब्ब्या

दि. २० मार्च

चि. ढब्ब्यास,
अ. उ. आ.

दुसरं चित्र पाठवते. रंग आता ऐकायला लागलेत. कोपरा तू म्हणालास तसा उचलून पाहिला, पण ते तोंड भलत्याच बाईचं वाटलं. फाडून टाकलं. हे जसं दिसतं तसं काढलंय. खालचा डाग चहाचा आहे, हल्ली पिताना ओघळतो. तू नीट बघ. घाई नाही, पण नीट बघ.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

दि. ४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तिसरं चित्र आलं. दुसऱ्या वेळीही मी कोपरा उचल म्हणूनच लिहिलं होतं, म्हणून तुझा हट्ट दाखवायला तिन्ही शेजारी मांडली, आणि पाठीवरची मापं पहिल्यांदाच वाचली. डोळ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उजवीकडे दर वेळी सात सेंटीमीटर. डावीकडे सात आणि दोन रेघा, मग साडेसात, आता आठ. ताई, मापात तू आयुष्यात चुकली नाहीस. चहा का ओघळतो? कानाखाली सावली आहे की सूज? काल रात्री फोन केला तर सगळं ठीक आहे म्हणालीस आणि ठेवून दिलास. दुकान गेलं खड्ड्यात, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा!

ढब्ब्या

दि. ११ मे

चि. ढब्ब्यास,
अ. उ. आ.

जाऊन आले. कानाखाली गाठ आहे, चेहऱ्याच्या नसेवर दाबते आहे. बावीसला ऑपरेशन. गाठ काढता येईल, पण डावी बाजू पुन्हा हलेल याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

रागावू नकोस, मला डिसेंबरातच संशय आला होता. तोंडाने सांगायची छाती झाली नाही. सांगितलं की खरंच होईल, असं वाटायचं. तुला रेघभर चूक लगेच दिसते, म्हणून पेटी मागितली. चित्र बघून तूच विचारशील, असं वाटलं. तू मला सरळ करून पाठवलंस. त्या दिवशी रडले, आणि बरंही वाटलं, की असेल बुवा माझाच हात चुकला. त्याच समाधानात तीन महिने घालवले.

आई गेल्यापासून तुझ्यापुढे मोठी म्हणून मिरवले. आता नाही जमत रे. मी फार भ्यायले आहे. आदल्या दिवशी येशील का?

ताई

दि. १५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आदल्या दिवशी कशाला? शाळेत रजा टाकली आहे, उद्या सकाळच्या गाडीने निघतो. पत्राआधी बहुतेक मीच पोचेन, तरी लिहितोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत. तुझं तोंड मी तीन महिने खोडत बसलो, हे मला झोपू देत नाही. तुला धीर द्यायला येतोय असं समजू नकोस, तो माझ्याकडेही नाही. तुझ्याजवळ बसून मीही भिणार आहे.

दार लोटून ठेव, कडी लावू नकोस.
तुझा ढब्ब्या