जोडीदाराची हजेरी

दि. ९ जानेवारी

चि. सौ. बेबीस,

दादाचे आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने धरला आहे, पण घरातल्या घरात चालते. आमच्या मेव्हण्यांचा खोकला गेला का? दुकान बरं चाललं आहे. परीक्षा जवळ आल्या की मुलांना फळा दिसेनासा होतो, त्यामुळे सध्या डोळे तपासून घ्यायला गर्दी आहे.

तुझा निरोप मिळाला. "दोन गल्ल्यांसाठी ठकीचा चष्मा कुरिअरने पाठवलास? दादा, आमचं काय चुकलं ते तरी सांग." तू असं विचारणारच होतीस. फोनवर मला सांगता येणार नाही, म्हणून लिहितो आहे. हे पत्र मीच तुझ्या पेटीत टाकून जाईन. एकटी असताना वाच.

शाळेची परदेशातली सांस्कृतिक सहल पुन्हा निघणार, हे तुझ्या कानावर आलं असेल. आमची चिमी त्या सहलीवरून परत आली नाही, तेव्हापासून ती बंद होती. मुख्याध्यापिका बाई स्वतः दुकानात आल्या. बराच वेळ स्वतःच्याच चष्म्याची काच पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "सुरक्षिततेसाठी पालकांची समिती केली आहे. तुम्ही त्यात असावं असं मला वाटतं. तुम्ही नको म्हणालात, तर सहलच काढणार नाही." मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "जा. दुसऱ्यांच्या पोरी तरी नीट घरी येऊ देत." म्हणून गेलो.

बैठक विज्ञानाच्या प्रयोगशाळेत होती. सगळे उंच स्टुलांवर, पाय लोंबकळत. शाळेच्या बसचा ठेकेदार गमत्या आहे. म्हणाला, "आमच्या वेळी मास्तर एक शिट्टी मारायचे, झाली सुरक्षितता. आता पोरापेक्षा त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र मोठं." सगळे हसले, मग त्यांना माझी आठवण झाली आणि हसू तिथेच थांबलं. याची मला सवय झाली आहे.

काम मात्र मनापासून चाललं होतं. प्रत्येकाच्या खिशात तिथल्या भाषेत लिहिलेला पत्ता, रस्त्याच्या कडेला बस थांबली की दाराशी एक शिक्षक. तिकडे गाड्या उलट्या बाजूने येतात, तेव्हा आपल्या मैदानावर फक्कीचे पट्टे आखून रस्ता ओलांडायचा सराव घ्यावा, हे मी सुचवलं. त्यांनी लगेच मान्य केलं.

मग हजेरीचा विषय निघाला. नाचाचे सर अजून तेच आहेत. म्हणाले, "हजेरी आपल्या पद्धतीनेच. नाचातली जोडी तीच प्रवासातली जोडी. नाव घेतलं की जोडीदाराने जोडीदाराचं सांगायचं. स्वतःचं कोणीही ओरडतं, दुसऱ्याचं सांगायचं म्हटलं की लक्ष ठेवावं लागतं." कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. सर चाचरले आणि म्हणाले, "गेल्या वेळीही हजेरी बरोबर लागली होती. नंतर मुलगी न सांगता खाली उतरली, त्याला कुठलीच पद्धत काय करणार?"

मी विचारलं, "जोडीदार खोटं बोलला तर?"

"मुलं कशाला खोटं बोलतील, काका?"

"मैत्रिणीसाठी."

ते म्हणाले, "म्हणजे?" बाईंनी उरलेला विषय शनिवारवर टाकला.

बेबी, तुझी ठकी नंबर तपासायला आली होती, त्या दिवसाचं सांगतो. आतल्या खोलीत अंधार केला. तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम, मी समोर बसून एकेक काच बदलत होतो. "ही बरी, की ही?" ती उत्तरं देत होती. अचानक म्हणाली, "मामा, चिमी बसमध्ये नव्हतीच."

मी हातातली काच तशीच धरून राहिलो. तिने सगळं सांगितलं. अपघाताच्या आदल्या दिवशी चिमीला उशीर झाला होता, म्हणून सरांनी तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं. पुन्हा उशीर झाला तर नाचातूनच काढू, अशी तंबी होती. त्या थांब्यावर चिमी दोघींच्या बाटल्या भरायला गेली. हजेरी सुरू झाली आणि ठकी तिच्या नावाला "आहे" म्हणाली. मागचं दार उघडं होतं, त्या दाराने ती चढेल असं तिला वाटलं. बस सुटली तेव्हा चढलीच असेल, मागे बसली असेल, असं वाटलं. चिमी तोवर बसमागे धावत रस्त्यात आली होती. आपल्याकडे गाडी जिकडून येते तिकडे तिने पाहिलं असणार.

"आईला सांगू नका," ठकी म्हणाली. मी "नाही सांगत" म्हटलं. आणि मग, तुला खरं वाटणार नाही, मी तिला खालची ओळ वाचायला सांगितलं. तिने वाचली. नंबर थोडासाच वाढला होता. त्यानंतर मी तिच्याशी बोललेलो नाही. चष्मा तयार झाला तेव्हा तो द्यायला माझे पाय तुमच्या गल्लीकडे वळेनात.

दोन वर्षं तुझी वहिनी एकच विचारते आहे. "चढलेली पोर खाली का उतरली असेल गं बाई? काही विसरली होती का? तिला कोणी बोललं होतं का?" स्वयंपाक करता करता विचारते, मला नव्हे, स्वतःलाच. शाळेने दिलेलं उत्तर आम्ही धरून बसलो होतो, की चूक आमच्याच मुलीची. ती न सांगता उतरली. आता मला माहीत आहे की ती उतरलीच नव्हती, आणि तरी मी त्या बाईसमोर बसून जेवतो.

शनिवारी शेवटची बैठक आहे. ज्याने त्याने आपलंच नाव सांगायचं आणि शिक्षकाने तोंड पाहून टिपायचं, एवढा बदल मी मागणार आहे. का, ते विचारतील. कारण सांगितल्याशिवाय सर ऐकणार नाहीत, आणि पुन्हा कोणीतरी कोणासाठी तरी "आहे" म्हणेल. मी नाव घेणार नाही. पण चिमीची जोडीदार कोण होती, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे ठकीला दिलेला शब्द मी मोडतो आहे. हे पत्र परवानगीसाठी नाही. तुला बाहेरून कळू नये, एवढ्याचसाठी आहे.

राग आहे का, असं तू विचारशील. आहे. ती तेव्हा पोर होती, मैत्रिणीला वाचवायला गेली, हे सगळं मला समजतं. मी तिला खांद्यावर घेऊन फिरलो आहे. तरीही दुकानाच्या काचेतून तिच्यासारखी कोणी दिसली, की मी आतल्या खोलीत जाऊन उभा राहतो. हे किती दिवस चालेल, ते मला माहीत नाही.

तिला मारू नकोस, बोलू नकोस. तिने मला सांगितलं तेव्हा तिचे हात मांडीखाली दाबलेले होते. इतके दिवस ती हे घेऊन कशी राहिली असेल, याचा विचार मी करायला बसतो आणि मध्येच सोडून देतो.

वहिनीला मी शुक्रवारी जेवणं झाल्यावर सांगेन. ठकीला आपल्या तोंडाने मामीला सांगायचं असेल, तर त्याआधी तिला घेऊन ये. यायचं नसेल तर जबरदस्ती करू नकोस. आलात, तर मी घरात असेन. मी तिच्याशी बोलेन, असं मात्र आत्ता लिहीत नाही.

चिमीचा बाप,
आणि तुझा दादा