पणजोबांच्या नाकाला नॅनो

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी.

संचालिकाबाईंनी ग्रंथालयाच्या दारातला पुतळा माझ्याकडे सोपवला. दगड चुनखडीचा. ऊन-पाऊस खाऊन नाक भुसभुशीत झालंय, बोट लावलं की पीठ येतं. पुतळा संस्थापकांचा, म्हणजे बायकोच्या पणजोबांचा. पंचवीसला शताब्दीचा कार्यक्रम. नाक सावरलं तर नोकरी पर्मनंट, असं बाई स्वतः म्हणाल्या. शिवाय सासरी 'आमचे जावई दगडांचं काहीतरी करतात' हे एकदाचं थांबेल.

बायकोला पद्धत समजावली. नॅनो-लाइम. स्पिरिटात अतिसूक्ष्म कण, दगडाच्या छिद्रांत शिरतात, हवा लागली की आतल्या आत पुन्हा दगड होतात. ती म्हणाली, म्हणजे पणजोबांना चुना लावणार. बराच वेळ हसत होती. या घरात तो शब्द आजपासून बंद.

५ मार्च
बाटलीबरोबरचं माहितीपत्रक वाचलं. सावलीत थोडे थेंब, मग काही दिवस थांबा, मग पुन्हा थोडे. म्हणजे लगेच सुरू करायला हवं. सोमवारी नक्की.

१० मार्च
मान धरलीय. मान धरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या नाकाला हात लावू नये. शंभर वर्षं थांबलेला दगड अजून दोन दिवस थांबेल. भाषण मात्र लिहून झालं. उत्तम झालंय.

१४ मार्च
सासऱ्यांचा फोन. लहानपणी त्यांचे वडील त्यांना उचलून त्या नाकाला हात लावायला लावत, परीक्षेच्या आदल्या दिवशी. पंचवीसला पुन्हा एकदा हात लावायचा आहे म्हणाले. नाक तेवढं जपा जावईबापू, असं दोनदा म्हणाले. आवाज जरा ओला वाटला. मी म्हटलं, शंभर टक्के.

भाषणात एक परिच्छेद वाढवला.

१९ मार्च
बाईंनी विचारलं, काम कुठवर आलं. म्हटलं, दगडाचा अभ्यास चालू आहे. खोटं नाही. रोज जाता-येता बघतोच.

२२ मार्च
झालं! सगळे हात एकाच दिवशी दिले. माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांना काळ-वेळ नसते. दोन हातांच्या मध्ये लवकर वाळावं म्हणून पुतळ्यावरची ताडपत्रीही काढली, दुपारचं ऊन थेट नाकावर. बाटली संपली.

घरी आल्यावर बायकोने वास घेतला आणि विचारलं, नाकाला पाजलीस की स्वतः प्यायलास. संशोधकाच्या घरी हे चालायचंच.

२३ मार्च
पणजोबा पांढरे झालेत. नाक जास्त. स्पिरिट उडताना कण आत राहायचे सोडून वर आले असावेत. तांत्रिक भाषेत याला हेझ म्हणतात, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. बायको बघायला आली होती. पणजोबांना पावडर फासून कुठल्या लग्नाला नेतोयस, असं विचारून गेली.

२४ मार्च
ओल्या स्पंजने पुसलं. बरंच निघालं. नाक वरून एकदम टणक. नखाने वाजवून पाहिलं. थोडा पोकळ आवाज येतो, पण तो बहुधा नखाचा.

२५ मार्च, सकाळी
शर्ट इस्त्रीचा. भाषण खिशात. आज सासरच्यांसमोर नाक वर करून चालायचं.

२५ मार्च, संध्याकाळी
सासरे खुर्चीवरून उठले, काठी माझ्या हातात दिली आणि बोट लावलं. नाक हातात आलं. वर कडक कवच, आत पीठ. पीठ त्यांच्या कोटावर सांडलं.

सासरे म्हणाले, आजवर पुष्कळांनी चुना लावला, पण थेट नाकाला कोणी लावला नव्हता. मग लोक हसले. बाई हसल्या नाहीत. भाषण झालं नाही.

२६ मार्च
बाईंचा निरोप: उद्या ऑफिसात या, नाक घेऊन या.

नाक सासऱ्यांकडे. गेलो. त्यांनी रुमाल सोडला, नाक माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, परत जोडता येईल का. शंभर टक्के, असं तोंडात आलं होतं. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, माहीत नाही. फार वाईट वाटलं. ते म्हणाले, आता घाई करू नका.

बायको कालपासून माहेरीच आहे, दारापर्यंत सोडायला आली. आज हसली नाही, त्यापेक्षा हसली असती तर बरं.

तर उद्या बाईंकडे जायचं. नाक मुठीत धरून. खिशात ठेवलं असतं, पण तिथे अजून भाषण आहे.