गोलकीपरच्या वडिलांचं प्रकरण

चि. ठमीस, बाबांचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे, बाइंडिंगचं काम बरं चाललंय. फुटबॉलपटूंची दोन आत्मचरित्रं पाठवतोय, माझ्याच हातची बांधणी. जाड्या बचावपटूचं आधी वाच. स्वतःच्याच गोलात गोल मारून नाचला गडी! आईलाही वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

गोलकीपरचंही झकास आहे. फक्त त्याच्या वडिलांचं प्रकरण तुझी फायनल मॅच झाल्यावर वाच. ते मुलाची एकही मॅच चुकवत नसत. मी येतो म्हटलं होतं, पण रजा मिळाली नाही गं. तुझ्या मॅचच्या वेळी इथे देवासमोर बसेन.

ती पानं काढून पुस्तक पुन्हा शिवलं असतं तर तुला कळलंही नसतं. हात धजेना. वाचून माझा राग आला, तर तसं लिही.

तुझा,
बाबा