लाल फोनचे रुपये

विश्रांतवाडी, पुणे
१० जानेवारी २०२५

चि. ज्ञानदेव यास मालनताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हिंगणघाटला थंडी पडली आणि तू अंघोळ दुपारी करू लागलास, हे वाचून धन्य झाले. आमच्या शेजारणीला वाटतं, या जमान्यात भावाबहिणीनं पत्रं लिहायची म्हणजे नाटकच. फोनवर मला नुसतं घूं घूं ऐकू येतं, मग मी भलतंच उत्तर देते आणि तू रुसतोस, हे तिला कुठे सांगत बसू? मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी. त्यापेक्षा हे बरं.

आता कामाचं, आणि हे फक्त तुझ्यामाझ्यात. मला कानाचं यंत्र घ्यायचं आहे. आपली नात प्रियदर्शनी अडीच वर्षांची झाली. दिवसभर माझ्या मांडीवर बसून काहीतरी सांगत असते आणि मी नंदीबैलासारखी मान हलवते. परवा ती काहीतरी विचारून विचारून थकली आणि रडायलाच लागली. मला मेलीला कळलंच नाही काय हवं होतं ते. ज्ञाना, ही पोर पहिल्यांदा बोलते आहे आणि ते मला ऐकायचं आहे. पुढच्या वर्षी ती शाळेत जाईल, मग तिला माझ्याशी बोलायला सवड कुठे?

सौमित्र पोटचा पोर, पण त्याच्याकडे मागणार नाही. दोन वर्षांपूर्वी तो यंत्र घ्या म्हणून मागे लागला होता, तेव्हा मीच ठसक्यात नको म्हणाले. आता फ्लॅटचे हप्ते आहेत. बिचारा सकाळीच खराडीला जातो, संध्याकाळी येतो तो गप्प. कामाचा ताण फार दिसतो.

एका ट्रस्टमध्ये सहा हजारांत यंत्र बसवून देतात. तेवढे, किंबहुना थोडे वरच पैसे माझ्याकडे आहेत, पण रुपयारुपयाच्या नाण्यांत! ह्यांच्या दुकानाबाहेर तो लाल फोन होता ना, रुपया टाकून बोलायचा? बिल भरून उरलेले रुपये हे लोणच्याच्या बरणीत टाकत. ती बरणी अजून पलंगाखाली आहे. दोघांनी ओढावी लागते.

या रुपयांच्या नोटा करायच्या कशा, तेच कळेना. बँकेत गेले. तिथल्या मुलानं कागदावर लिहून दिलं की शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणा, खात्यातच जमा होतील. मोजणावळ पडेल का विचारलं, तर त्यानं लिहिलं ‘नाही’ आणि शेजारच्यानं लिहिलं ‘पडेल’. खात्यात भरले तर सौमित्रच्या मोबाइलवर मेसेज जातो, म्हणजे गुपित संपलं. बाजारातला एक जण शंभराला दहा कापून नोटा देतो म्हणे. दुधवाल्यानं एक पिशवी घेतली आणि दुसऱ्या वेळी हात जोडले. त्याच्याकडे आता सगळे मोबाइल दाखवून पैसे देतात, सुटे नेऊन तो कुठे ठेवणार? पैसे असून भिकारी झाले आहे मी. तू हुशार म्हणवतोस, तर सांग.

मंदाला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मालनताई

•

हिंगणघाट
१८ जानेवारी २०२५

ती. ताईस ज्ञानदेवाचा सा. न. वि. वि.

बाप्पा! शंभराला दहा? खबरदार, त्या माणसाच्या वाऱ्याला उभी राहिलीस तर. भाऊजींनी उन्हातान्हात राखलेला रुपया नव्वद पैशांना द्यायचा? कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं कारकुनी केली मी, फुकटची कटौती कोणाला घेऊ दिली नाही.

उपाय तुझ्या घरातच आहे आणि तू पुणंभर फिरून राहिलीस. सूनबाई शेफाली तुला भाजी-किराण्यासाठी नोटा देते की नाही? त्या नोटा बाजूला ठेव. भाजीवाल्याला बरणीतले रुपये दे. भाजीला भाजी आली, रुपयाची नोट झाली, कोणी एक पैसा कापला नाही. रोज थोडं थोडं कर म्हणजे तोही कुरकुरणार नाही. कुठून सुचतं मला हे, असं मंदा विचारते. मी नुसता हसतो.

नोटा मात्र डाळीच्या डब्यात लपव, तिथे सुना हात घालत नाहीत. आणि यंत्र बसलं की पहिलं बोलणं प्रियूचं ऐक, दुसरं माझं. माझा आवाज अजून गोड आहे.

तुझा आशीर्वाद आहेच, तो डोक्यावर राहू दे.
तुझा ज्ञाना

•

विश्रांतवाडी, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना शेफालीचा सा. नमस्कार.

शाळेत शिकत होते तेव्हापासून पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर हसू नका. फोन केला असता, पण बोलता बोलता रडू आलं असतं आणि तुम्ही घाबरला असता.

मामा, आईंचं काय चाललंय ते मला कळत नाहीये. भाजीवाल्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, आजी रोज रुपया-रुपया मोजून देतात, माझं मागचं गिऱ्हाईक निघून जातं. मग मी देते त्या नोटा कुठे जातात? काल तूरडाळीचा डबा घासायला काढला, तर तळाशी नोटांची गुंडाळी. मी होती तशी परत ठेवली.

आता खरं सांगते. सौमित्रचा जॉब डिसेंबरमध्ये गेला. टीमच्या टीमच काढून टाकली. आईंना धक्का बसेल म्हणून त्यानं सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो, इंटरव्ह्यू असला तर देतो, नाहीतर बागेत बसतो. माझ्या शाळेच्या पगारावर घर चाललंय. आम्ही आईंसमोरच बोलतो यावर, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. मग त्यांना कळलं कसं? की कळलं नाहीये, आणि तिकिटाचे पैसे साठवून त्या कायमच्या तुमच्याकडे यायला निघाल्यात? माझं काही चुकलं का? घर चालावं म्हणून त्या बाबांची बरणी मोडत असतील, तर मला ते सहन होत नाही. म्हणून आजपासून भाजीचे पैसे मीच परस्पर स्कॅन करून देणार आहे. त्यांना मोडायलाच लागू नये.

तुम्हाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा. जॉबचं मात्र आईंना कळू देऊ नका.

मामींना नमस्कार. आमच्यावरचं प्रेम असंच असू द्या.
तुमची शेफाली

•

हिंगणघाट
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शेफालीस आशीर्वाद.

तुझं काहीएक चुकलं नाही. ताई काही इकडे राहायला यायची नाही. तिला काही कळलेलंही नाही. मग ती काय करते, ते मला माहीत आहे पण सांगता येत नाही, कारण तिची शपथ. तुझं तिला सांगता येत नाही, कारण तुझी शपथ. दोन्हीकडच्या शपथा घेऊन मी बैठकीत फेऱ्या घालतो आणि मंदा विचारते, पोटात दुखते काय?

एवढंच सांगतो की भाजीच्या नोटा तिच्या हातात देत जा. काहून ते विचारू नको. हो, पण तुमचा एकच पगार, म्हणजे देऊही नको. थांब, ते पैसे भाजीलाच जातात, म्हणजे दिले तरी तेवढेच. मला वाटते द्यावे. माझं डोकं चालेना. सौमित्रला म्हणा, हिंमत धर.

तुमचा गोंधळलेला मामा,
ज्ञानदेव

•

विश्रांतवाडी, पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानदेव यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझी तब्येत बरी आहे ना? अख्ख्या कागदात यंत्राबद्दल अक्षर नाही, आणि तीनदा लिहिलंस की सौमित्रची नोकरी उत्तम चालली आहे. मी त्याच्या नोकरीचं विचारलं होतं कुठे? हल्ली सगळेच माझ्याशी असे वागतात. शेफालीनं एकाएकी भाजीचे पैसे मोबाइलवरून द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, अगं, दे ना माझ्याकडे, तर माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणलंन. मग आठ दिवसांनी पुन्हा नोट दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोबाइल. मला वाटलं, माझ्यावर चोरीचा आळ आहे. दोन रात्री झोप नाही. यंत्राचं मरू दे, असंही मनात आलं. तेवढ्यात प्रियू माझी हनुवटी धरून तोंडासमोर तोंड आणून काहीतरी सांगायला लागली, आणि पुन्हा जीव हलला.

तर ऐक. तुझी हुशारी फसली, माझी चालली. समोरच्यांच्या मुलीचं लग्न होतं म्हणून आहेराचं पाकीट आणायला गेले. पाकिटावर कोपऱ्यात रुपया चिकटवलेला असतो ना, एकशे एकमधला एक? तो बघत उभी राहिले आणि डोक्यात आलं की या पाकीटवाल्यांना एवढे रुपये कोण देतं? दुकानदाराला विचारलं. त्यानं मागच्या गल्लीतल्या हुस्नबानूचं घर दाखवलं. तिच्याकडे घरीच पाकिटं बनतात, मुलगा सिराज दुकानांत पोचवतो.

गेले तर लग्नसराईची पाकिटं घरभर पसरलेली आणि रुपयांवाचून काम अडलेलं! सिराज सुट्यांसाठी गावभर हिंडतो, शंभराला पाच जास्त मोजतो. हुस्नबानू मला हातवारे करूनच सगळं समजावते, उगीच कानात ओरडत नाही. मला तिथेच ती आवडली. फक्त नाणं चकचकीत हवं, आहेरावर काळं नाणं कोण देईल? मग काय, सिराजनं रिक्षातून बरणी नेली आणि आम्ही दोघी तिच्या मोरीत चिंच लावून रुपये घासत बसलो. माझी बोटं काळी ठिक्कर झाली. पैसे देताना ती वरचे पाच धरून द्यायला लागली, ते मी घेतले नाहीत. मी बट्टा देणार नाही म्हणत होते, मग घेऊ कशी? रुपयाला रुपया. शेफालीच्या नोटा डब्यातून काढून देवाजवळ ठेवल्या आहेत, यंत्र आलं की सगळं सांगून तिच्या हातात देईन. सोमवारी ट्रस्टमध्ये जाते, हुस्नबानू सोबत येणार आहे.

घरात अजून कोणाला बोलू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी मालनताई

•

विश्रांतवाडी, पुणे
५ मार्च २०२५

चि. ज्ञानदेव यास अनेक आशीर्वाद.

यंत्र बसलं. पहिल्यांदा काय ऐकलं असेल? आमचा पंखा. एवढा करकरतो आणि एकानं मला सांगितलं नाही! मग प्रियू आली. पदर कानावरून घेतला होता, तिला काही कळलं नाही. मांडीवर बसली आणि सुरू झाली. तिच्या बाहुलीला ताप आला आहे, डॉक्टर झोपले आहेत, म्हणून आजीनं औषध द्यायचं आहे. एवढंच सांगत होती रे पोर, इतके दिवस! मी औषध दिलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू तुला. दुपारभर आम्ही दोघी बोलत होतो. पोट भरेना.

सौमित्र-शेफालीला जेवताना सांगायचं ठरवलं होतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. ती दोघं ओट्याशी, माझ्यापासून हातभर अंतरावर, नेहमीच्या आवाजात बोलत होती. सौमित्र म्हणाला, आजचाही इंटरव्ह्यू हुकला. अजून किती दिवस डबा घेऊन बागेत बसू? शेफाली म्हणाली, आता आईंना सांगून टाक. तो म्हणाला, नको, ती हातातल्या बांगड्या काढून देईल, आणि मला ते बघवणार नाही.

ज्ञाना, तेव्हा मला तुझं ते उत्तम उत्तम कळलं. ते भाऊबीजेला बघून घेईन. ही दोघं रोज माझ्यादेखत हे दुःख बोलत होती, आणि मी मध्येच कोथिंबिरीला पैसे मागत होते.

आधी वाटलं, यंत्र काढून ठेवावं आणि काहीच ऐकलं नाही असं राहावं. मग म्हटलं, एवढ्यासाठी का मी बोटं काळी केली? मेथीवरून मान न उचलताच बोलले, की सौमित्र, उद्यापासून बागेत जेवायचं नाही, घरी गरम जेवायचं, आणि बांगड्यांचं मी ठरवीन, तू नाही.

शेफालीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. केवढा तो आवाज! सौमित्र येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला. चार वर्षं हा मुलगा माझ्याशी ओरडूनच बोलत आला आहे, त्यानं अगदी हळू, ओठांतल्या ओठांत विचारलं की आई, तुला ऐकू येतं? मी पदर मागे केला आणि म्हटलं, येतं रे राजा, सगळं येतं. तशी त्यानं माझ्या मांडीत डोकं घातलं. लहानपणी रडायचा, अगदी तसाच रडतो अजून. मी ऐकत बसले.

तुमच्या दोघांच्या सुखरूपतेची वाट पाहणारी,
तुझी मालनताई